रामकुंडाचं टेबल

काकूंच्या भोजनालयाचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आधी ताटांचा खणखणाट, मग लाटण्याची टकटक, आणि या सगळ्यावर मात करून काकूंचा आवाज, "चारवर वरण!" रामकुंडाकडून मालेगाव स्टँडकडे चढत येणारी ती गल्ली, दोन्ही बाजूंना पूजेचं सामान, तांब्याची भांडी आणि फुलवाले, आणि मध्येच आमचं बारा टेबलांचं भोजनालय. तिथे सगळ्या बायकाच. लाटणाऱ्या बायका, वाढणाऱ्या बायका, गल्ल्यावर काकू. नाशकात तेव्हा हॉटेलात वाढायला मुलगी असणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. नवीन गिऱ्हाईक सवयीने "अरे ए" म्हणून हाक मारायला तोंड उघडायचं, समोर परकर-पोलकं नुकतंच सोडून साडीत अडखळणारी मी दिसायचे, आणि ते "अरे" तसंच गिळून टाकायचं. मग पाण्याचा पेला उगाच सरकवत बसायचं. मला त्याची फार गंमत वाटायची. खोटं कशाला सांगू, मी त्या नोकरीत पगारासाठी जितकी होते, तितकीच माणसं बघायला मिळतात म्हणून होते.

मी मंजुळा, सुरगाण्याकडची. आमचं घर डोंगराच्या कुशीत, शेवटच्या जीपच्या थांब्यापासून तासभर चालत. घरी नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी, आणि पावसाळा सरला की गावातल्या निम्म्या घरांना कुलूप. आईवडील दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर जायचे, बरोबर आम्ही भावंडं. शाळेत असताना मी सहा महिने गावात आणि सहा महिने बागेत वाढले. दहावीला इंग्रजीत गेले. बाकी सगळं सुटलं, इंग्रजीने धरलं. वडील म्हणाले, झालं शिक्षण, आता कातरी धर. मी आठ दिवस जेवले नाही असं आई पुढे सगळ्यांना सांगायची, पण ते खरं नाही, मी लपून खात होते. शेवटी गावातल्याच सुमनमावशीने मध्ये तोंड घातलं. ती काकूंकडे पोळ्या लाटायची. ती मला घेऊन आली आणि काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघून सांगितलं की दिवाळीपर्यंत ठेवते, जमलं तर राहशील, ऑक्टोबरचा पेपरही देशील, नाही जमलं तर वडिलांना निरोप धाडेन, येऊन घेऊन जातील. वडिलांनाही तेच सांगितलं. म्हणजे दिवाळीपर्यंत मी वाढायला शिकायचं, नाहीतर बागेत जायचं. मला बागेचा राग नव्हता. पण बागेत रोज तीच माणसं आणि तीच वेल, आणि मला तर सगळं जग बघायचं होतं.

भोजनालयाच्या वरच्या खोलीत मी आणि सुमनमावशी राहायचो. खाली भट्टी असल्यामुळे फरशी कायम कोमट. हिवाळ्यात ते सुख, उन्हाळ्यात नुसती तगमग. पहाटे देवळांच्या घंटा, मग दूधवाल्याची सायकल, मग निमाणी स्टँडकडून जीपवाल्यांची "वणी, वणी, वणी" अशी ओरड. वणी आमच्या गावच्या वाटेवर, त्यामुळे ती ओरड ऐकली की मला दर वेळी वाटायचं, बसावं आणि घरी जावं, आणि दर वेळी जीप भरून निघून गेली की बरं वाटायचं. दुपारी तीनच्या पुढे गर्दी ओसरली की आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात जमिनीवर गोल बसून जेवायचो. तिथे काकूही यायच्या. गल्ल्यावर कडक असणाऱ्या काकू खाली बसल्या की भाताचं ढेकूळ बोटाने फोडत फोडत गप्पा मारायच्या. नवरा गेल्यावर घरच्या घरी चार विद्यार्थ्यांचे डबे करण्यापासून त्यांनी हे उभं केलं होतं. "पुरुष वाढपी ठेवला की तो मालक होतो," त्या म्हणायच्या. सुमनमावशी माझ्यासाठी तव्यावर एखादी जाड भाकरी टाकायची, कारण पोळीने माझं पोट भरत नाही हे तिला ठाऊक होतं.

वाढणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. आमच्या घरी ताटात जे येईल ते येतं. इथे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-उसळ उजवीकडे, मध्ये पोळी, आणि गोडाची वाटी वर उजव्या कोपऱ्यात. एका हातात चार कप्प्यांचा चौफुला, दुसऱ्या हातात पळी. वरणाची बादली कमरेला टेकवायची नाही, साडीला डाग पडतो. मनगट कसं वळवायचं, थेंब ताटाबाहेर कसा पडू द्यायचा नाही, हे मी आठवड्यात शिकले. हात पटकन शिकले. तोंडाचं मात्र जमेना.

आमच्याकडे पाहुणा आला की पाणी देता देता विचारतात, कुठून आलात. नाही विचारलं तर पाहुण्याला वाटतं, या घराला आपलं येणं आवडलं नाही. त्यामुळे मीही विचारायचे. कुठून आलात, कशाला आलात, घरी कोण कोण असतं, पाऊस झाला का तुमच्याकडे. गावाकडची माणसं खुलायची. शहरातली आवळायची. कोर्टातले एक वकीलसाहेब रोज कोपऱ्यात बसायचे, त्यांना मी पोरंबाळं किती विचारलं, तर ते अर्ध्या पोळीवरून उठून गेले. त्यांना मूल नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात एका गृहस्थांना मी म्हटलं, लेकीला आणखी भात वाढू का. ती त्यांची बायको होती. बायको हसली, गृहस्थ हसले नाहीत. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की आजपासून तुझ्या तोंडून फक्त तीन प्रश्न निघतील. पोळी घेणार? भाजी वाढू? भात आणू? आणि गिऱ्हाईक निघालं की "पुन्हा या". याच्यापुढे चौथं काही ऐकलं तर वडिलांना निरोप.

मग मी विचारायचं सोडून बघायला लागले. तोंडाला कुलूप लागलं तशी नजर तीक्ष्ण झाली. गुजरातकडची यात्रेकरू मंडळी यायची, त्यांना वरणात गूळ हवा आणि जेवणाआधी ताक; "बेन, छाश आणू?" म्हटलं की ती आपली व्हायची. मार्केट यार्डात टोमॅटो उतरवून आलेले शेतकरी पोळीकडे बघतसुद्धा नसत, भाकरी कुस्करून त्यात रस्सा ओतायचे आणि मान वर करायचे ती ताट संपल्यावर. त्यांच्याजवळ बादली घेऊन उभं राहायचं, विचारायचं नाही, नुसतं ओतायचं. घाटावरच्या गुरुजींना कांदा-लसूण चालत नसे, त्यांच्यासाठी वेगळी पळी, आणि ती पळी दुसऱ्या भांड्यात बुडाली तर त्यांना वासावरून कळायचं. अंबडच्या कारखान्यातला एक पोरगा चौदा पोळ्या खायचा आणि पंधरावीला लाजायचा, म्हणून मी पंधरावी अर्धी करून वाढायचे. एकट्या येणाऱ्या बायका भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्यांना पाठीमागून वाढलं की दचकायच्या, म्हणून मी लांबून बांगड्या वाजवत जायचे. हे मला कुणी शिकवलं नाही. आता हॉटेलात गेलं की मुलं पाठीमागे हात बांधून "येस मॅडम" म्हणतात आणि सगळ्यांशी एकसारखं वागतात. छान वागतात, पण माझं लक्ष त्यांच्या नजरेकडे जातं, ती ताटात नसते.

एक टेबल मात्र वेगळं होतं. दारापासून लांब, मोरीच्या अलीकडचं मोठं टेबल. त्याला आम्ही रामकुंडाचं टेबल म्हणायचो. बाहेरगावची माणसं रामकुंडावर दहावा करायला यायची. विधी आटोपला, गावची गाडी संध्याकाळची, घरी चूल नीट पेटलेली नाही, मग जेवायला आमच्याकडे. ओली धोतरं पिळून पिशवीत कोंबलेली, मुलांची डोकी ताजी भादरलेली, कानामागे पाणी. त्यांच्यासाठी काकूंचे नियम ठरलेले. गोडाची वाटी ठेवायची नाही. पापड, भजी, कुठलंच तळण नाही. आवाज करायचा नाही. काही विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निघताना "पुन्हा या" म्हणायचं नाही, कारण असल्या कामासाठी पुन्हा या असं कुणाला म्हणतात का? तीही माणसं "येतो" म्हणत नसत. हात धुवायची आणि मान खाली घालून निघून जायची. मला ते टेबल वाढायला आवडायचं, हे सांगायला जरा विचित्र वाटतं. तिथे काही बोलावं लागत नसे, आणि माझ्या हाताने त्यांना थोडं बरं वाटतंय असं वाटायचं. काकूही म्हणाल्या होत्या की त्या टेबलाला मंजुळाच बरी.

तो रविवार होता, म्हणून श्रीखंड होतं. नवरात्र झालं होतं, दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर. माझा पेपर होऊन गेला होता आणि तो बरा गेला होता, त्यामुळे मी जरा हवेतच होते. बाराच्या सुमाराला चौघं जण आले. दोन तिशी-पस्तिशीतले भाऊ, दोघांची डोकी गुळगुळीत. त्यांचे म्हातारे वडील, डोक्याला टोपी, अंगात ओलसर सदरा, चालताना थोरल्याच्या खांद्यावर हात. आणि आई, लुगड्याचा काठ ओला, कपाळावरचं कुंकू पाण्याने ओघळलेलं. हातातल्या पिशवीतून पिळलेल्या धोतराचं पाणी टपकत होतं. मी काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ त्यांना रामकुंडाच्या टेबलाकडे नेलं.

पाणी ठेवता ठेवता माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. म्हातारा समोर बसलाय, म्हातारीच्या कपाळी कुंकू आहे, मग या दोघांनी डोकी कुणासाठी केली? चुलता असेल. बिनमुलाचा चुलता, म्हणून पुतण्यांनी केलं असेल. पण मग त्याची बायको कुठेय? जिभेच्या टोकावर प्रश्न आला होता. मी जीभ दाताखाली धरली. तीन प्रश्न, मंजुळा, तीनच. मी चार ताटं लावली, गोडाच्या वाटीची जागा मोकळी सोडून. पापड बाजूला ठेवला. ओठ मिटून, मान खाली घालून, हलक्या हाताने वाढत गेले. म्हातारा माझ्याकडे टकमक बघत होता. त्याला भूक होती. त्याने दोन घास खाल्ले आणि शेजारच्या टेबलावरच्या श्रीखंडाकडे बघितलं. मग धाकट्याने मला हाक मारली आणि म्हणाला, इकडे श्रीखंड राहिलं.

मला वाटलं, बिचाऱ्याला दुःखात भान नाही. उद्या घरी गेल्यावर आठवेल आणि मनाला लागेल. म्हणून मी वाकून, अगदी हळू, जितकं मायेने बोलता येईल तितक्या मायेने म्हणाले, "दादा, तुमच्यासाठी नाही ते."

त्याचा हात ताटातच थांबला. "आमच्यासाठी नाही म्हंजे?" तो म्हणाला. मग उभा राहिला. "आम्ही कोण वाटलो तुला? बाकीच्यांना चालतं, आम्हाला का नाही? काय बघून ठरवलं?"

गुरुजींचा घास हातात राहिला. आणि त्याला काय वाटलं ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते वाक्य मला ओळखीचं होतं. लहानपणी बागेवरून परतताना एका गावच्या हॉटेलात आईने माझ्यासाठी चहा मागितला होता. त्या माणसाने सगळ्यांना कपात दिला आणि आमच्यासाठी बाहेरच्या भिंतीवरचा फुटक्या कानाचा कप दाखवला. तुमच्यासाठी तो आहे, म्हणाला. त्यालाही ते वाईट बोलतोय असं वाटलं नसणार. तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. निरोप, दिवाळी, बाग, सगळं मागे पडलं. मी रडत रडतच बोलले, की तसं नाही हो दादा, तुमच्याकडे कुणी गेलंय ना, सुतक आहे ना, म्हणून गोड नाही वाढलं.

आता चौघंही माझ्याकडे बघत राहिले. काकू गल्ल्यावरून उठून आल्या होत्या. सगळ्यात आधी ओरडली ती म्हातारी. कपाळावर हात नेऊन तिने ओघळलेलं कुंकू चाचपलं आणि म्हणाली, "अगं माझे बाई, जित्या माणसाचं सुतक पाळलं या पोरीनं!" मग तिचा तोल सुटला. काकूंना म्हणाली, असलं अभद्र तुमच्याकडे? ही पोरगी आत्ताच्या आत्ता इथून गेली पाहिजे, नाहीतर आम्ही भरल्या ताटावरून उठतो. थोरला तिला खाली बसवत होता. धाकटा अजून उभाच, पण आता राग कुणावर काढायचा हे त्याला कळत नव्हतं.

आणि म्हातारा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग खोकला आला, मग छातीवर हात दाबून धरून हसला. सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून टाक्यांची लांबलचक रेघ दिसली, अजून कोवळी, गुलाबी. "बरोबर वळखलं पोरीनं," तो म्हणाला. "मीच जाणार व्हतो. डागदरनं हात टेकले व्हते. या दोघांनी तिरुपतीला केसं कबूल केले आन मला मागून घेतलं." मग बायकोकडे वळून त्यांच्या बोलीत म्हणाला, "गप बस व. तिनी काय चूक शे?"

ते सटाण्याकडचे शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. तिरुपतीला नवस फेडून आदल्या दिवशी नाशिकला उतरले होते आणि घरी जाण्याआधी गंगेत, म्हणजे गोदावरीत, अंघोळ करून काळारामाचं दर्शन घेऊन आले होते. डोक्याला लावलेलं चंदन नदीतच धुऊन गेलं होतं. ते राहिलं असतं तरी मला समजलं नसतं, आमच्या डोंगरातून तिरुपतीला कोण गेलं होतं?

आबांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, तू कुठली? मी सांगितलं. मग म्हणाले, "पाणी देताना तुझ्या तोंडावर इचार दिसत व्हता. मग इचारलं का नाही, कुठनं आले म्हणून?"

मी काकूंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. "विचारायचं नाही असं सांगितलंय," मी म्हणाले.

"आमच्याकडं तर पहिलं तेच इचारतात."

"आमच्याकडेपण," मी म्हणाले.

काकूंनी स्वतः आत जाऊन श्रीखंडाचं पातेलं आणलं आणि चारही ताटांत वाटी ठेवून वाढलं. म्हातारीने वाटी बोटाने दूर सारली. आबांनी ती आपल्याकडे ओढली आणि दोन्ही खाल्ल्या. धाकटा खाली मान घालून जेवत होता.

निघताना मी टेबलाजवळ उभी होते, तोंड मिटून. आज काय बोलायचं आणि काय नाही, मला काही सुचत नव्हतं. तिघं बाहेर पडले आणि आबा उंबऱ्यावर थांबले. दाराच्या चौकटीला हात लावून मागे वळले. शेजारच्या टेबलावरचा माणूस निघताना मी त्याला काय म्हणाले होते ते त्यांनी ऐकलं असावं. "बाकीच्यांना म्हणते, मला नाही?" ते म्हणाले. "म्हण की."

"पुन्हा या, आबा," मी म्हणाले.

"येतो," ते म्हणाले, आणि मगच त्यांनी उंबरा ओलांडला.

त्या दुपारी मी जेवायला खाली बसले नाही. वर जाऊन पिशवी भरली. दोन साड्या, इंग्रजीचं पुस्तक, कंगवा. सुमनमावशी वर आली आणि माझ्यासमोर भाकरी ठेवून गेली. थोड्या वेळाने काकूंनी खालून हाक मारली. मी पिशवीसकट गेले. काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या, भाताचं ढेकूळ फोडत. पिशवीकडे बघून म्हणाल्या, ती कुठे निघाली? काकू चूक कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि मला ते माहीत होतं, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्यापासून विचारत जा. पण एकच. कुठून आलात. पोरंबाळं काढायची नाहीत." मी मान हलवली. "आणि खाली बस, ताटात माशी बसतेय." माझा जीव भांड्यात पडला. वडील दिवाळीला आले ते मला न्यायला नाही, काकूंनी दिलेला फराळ न्यायला. पुढे निकाल लागला, पेपरात मी काठावर पास झाले होते. काठ तर काठ.

आबा खरंच आले. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, दर वर्षी नवरात्र आटोपलं की. बरोबर म्हातारी. ते मुद्दाम रामकुंडाच्या टेबलावर बसायचे आणि श्रीखंडाच्या दोन वाट्या मागायचे. म्हातारी पहिली दोन वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायली नाही, स्वतः उठून माठातून घ्यायची. तिसऱ्या वर्षी तिने पिशवीतून चार डाळिंबं काढून टेबलावर ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, घरची आहेत. चौथ्या वर्षी ती मला माझ्या लग्नाचं विचारायला लागली आणि तिचे प्रश्न संपेनात. तेव्हा कळलं की ती माझ्यापेक्षाही चौकस होती, फक्त रागावलेली होती. निघताना आबा उंबऱ्यावर थांबायचे. मी गर्दीत असले तरी थांबायचे. मी "पुन्हा या" म्हटलं की "येतो" म्हणून जायचे. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी दिंडोरी रोडला राहायला गेले, काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गल्ल्यावर मी बसायला लागले, तरी हे चालू होतं. त्या एका दिवशी मी गल्ल्यावरून उठून पळी हातात घ्यायचे.

मग एका वर्षी नवरात्र झालं, दिवाळी झाली, आबा आले नाहीत. थंडी सुरू झाली होती. बाराच्या सुमाराला दोन माणसं आत आली. डोकी गुळगुळीत, हातात ओल्या धोतरांची पिशवी. दोघं आता चाळिशी ओलांडलेले, जरा जाडावलेले. मी ओळखलं. तरी पाणी घेऊन गेले आणि सवयीने, किंवा मनात कुठेतरी वेडी आशा होती म्हणून, विचारलं, कुठून आलात?

थोरला म्हणाला, "रामकुंडावरून."

मी पुढे काही विचारलं नाही. ताटं लावली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे भाजी. वर उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा. पापड नाही. धाकट्याने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, बोटाने तिथला एक थेंब पुसला, आणि जेवायला लागला. दोघं शांतपणे जेवले. मी बादली घेऊन जवळच उभी होते. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसत नव्हते, कारण दोन्ही हात भरलेले होते. काकू दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण कोण आलंय आणि कशाला आलंय ते त्यांना माझ्या गप्प राहण्यावरून कळलं.

दोघांनी हात धुतले. मी ओठ मिटून उभी राहिले, इतक्या वर्षांत शिकले होते तशी. थोरला बाहेर पडला. धाकटा उंबऱ्यावर थांबला. चौकटीला हात लावला, वडिलांसारखाच, आणि मागे वळला.

"ताई, म्हणा की," तो म्हणाला.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी हळूच मान डोलावली.

"पुन्हा या," मी म्हणाले.

"येतो," तो म्हणाला, आणि दोघं भाऊ मालेगाव स्टँडकडे चालायला लागले.